ट्रेक : बैलांनी ओढून आणलेला शब्द

शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत लोकल. मोठमोठ्या सॅक सांभाळत बसलेल्या पोरांपैकी कोणी पेठच्या किल्ल्याला निघालेलं असतं, कोणी ढाकच्या बहिरीला, कोणी कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीला. कुठे चाललात विचारलं, तर उत्तर एकच : ट्रेकला.

या शब्दाचा जन्म मात्र चालण्यातून झालेला नाही. डच भाषेत ‘ट्रेकन’ म्हणजे ओढणे. बंदुकीचा ‘ट्रिगर’ही त्याच कुळातला, कारण तोही ओढायचाच. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच शेतकऱ्यांनी, म्हणजे बोअरांनी, हा शब्द बैलगाडीला जुंपला. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत बैलांनी गाडी ओढत नेली की तो झाला एक ट्रेक. 1835 पासून हजारो बोअर कुटुंबं केप कॉलनीतला इंग्रजी अंमल नको म्हणून संसार गाड्यांत घालून उत्तरेकडे निघाली. इतिहासात हे स्थलांतर ‘ग्रेट ट्रेक’ म्हणून नोंदलं गेलं. (इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, हीही त्या नाराजीतली एक ठळक बाब होती, शौर्यकथांत ती जरा मागे पडते.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीने हा शब्द उचलला.

नेमक्या त्याच काळात खोपोलीला काय चाललं होतं? 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. तोवर माल चढे-उतरे तो पाठीवर गोणी लादलेल्या बैलांवरून. पुढे 1863 मध्ये रेल्वेने घाट पार करेपर्यंत खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारी प्रत्येक लादलेली बैलगाडी मूळ अर्थाने ट्रेकच करत होती. तसं कोणी म्हणत मात्र नव्हतं.

नंतर शब्दातून बैल गेले, गाडी गेली, उरली ती दूरची, दमवणारी वाट. 1964 मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काठमांडूत पर्यटकांना डोंगर फिरवणारी कंपनी काढली आणि ‘ट्रेकिंग’ हा पैसे मोजून करायचा छंद झाला. दोनच वर्षांत ‘स्टार ट्रेक’ने तो अंतराळातही नेला!

महाराष्ट्रात डोंगर चढण्याची हौस याआधीची. मुंबईची ‘गिरिविहार’ संस्था 1954 सालची, गो. नी. दांडेकरांनी तर दुर्गभ्रमणाचं वेड घराघरांत पोचवलं. पत्रकांवर आजही ‘पदभ्रमण’ छापतात, बोलताना मात्र सगळे ‘ट्रेक’च म्हणतात. शिवाय मराठीने या नामाला आपलं क्रियापदही जोडून टाकलं. चक्कर मारावी तसा पेब किल्ल्याचा ट्रेक ‘मारला’ जातो.

ट्रेकची वाट ज्यांची रोजचीच वाट आहे, त्यांना हा शब्द लागू पडत नाही. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या वाटेवर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. मुंबईकरांचा रविवारचा ट्रेक हाच वाडीकऱ्यांचा बाजाराला आणि दवाखान्याला जायचा रस्ता. 19 जुलै 2023 च्या रात्री वाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांनाही भर पावसात पायीच चढावं लागलं. अवजड यंत्रं वर नेता येईनात.

कर्जतकडच्या खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा चढतात : सोपा गणेश घाट आणि अवघड शिडी घाट. ट्रेकर शिडीचा आग्रह धरतात. देवाला निघालेले भाविक गणेश घाटाने जातात आणि घरी सांगतात, भीमाशंकरला जाऊन येतो.