दोन गुंठे आणि दोन शेळ्या

माझगाव, भायखळा भागातल्या आपल्या समाजात कोकणातली घरे पुष्कळ. एकेकाळी याच भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाणे-येणे होई. आजही अनेकांचे गावी घर आहे, मागे दोन-चार गुंठे आहेत आणि तिथे आई किंवा भावजय राहते. एवढ्याशा जमिनीत काय पिकणार, म्हणून आपण ती पडीक टाकतो.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही, तिला लागणारे भांडवल आणि श्रम यांवर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. दोन गुंठ्यांत वर्षाचा भात होणार नाही. दोन शेळ्या पाळता येतील.

पण बांधून पाळाव्यात. मोकळी शेळी दुसऱ्याच्या बांधावर गेली की भांडण होते, आणि आपल्या वस्तीच्या बाबतीत ते भांडण शेळीपुरते राहत नाही. शिवाय शेळ्या वळायला घरातली मुलगीच शाळेतून काढली जाते. मुलीची शाळा बुडवून शेळी पाळायची असेल तर शेळी नकोच.

बंगालची काळी शेळी आकाराने लहान आणि जुळ्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून तिची चौकशी होते. इतक्या लांबून आणू नका. पावसाळा सोसणारी गावठी शेळी घ्या, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे कोकण कन्याळची चौकशी करा. एका शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट जागा पुरते. कोकणात मात्र जमीन ओली राहते, म्हणून फळ्यांची किंवा बांबूची उंच माची हवी. लेंड्या खाली पडतात, खूर कोरडे राहतात आणि परसातल्या झाडांना खत मिळते.

खरी गोम चाऱ्यात आहे. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो ओला पाला, किलोभर सुका चारा आणि पाव किलोच्या आत खुराक लागतो. शेळी झाडपाला ओरबाडून खाणारी. जमिनीवर टाकलेला, तुडवलेला पाला ती हुंगून सोडते. जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. फणस, उंबर, शेवरी चालते. कुंपणाला सुबाभूळ लावावी, पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये, अंगावर उठते. पावसात भिजलेला कोवळा चारा थोडा सुकवूनच द्यावा. आणि जयंतीच्या जेवणातला उरलेला भात, पुऱ्या प्रेमाने पाटीभर घालू नका. पोट फुगून शेळी दगावते.

शेळी पाच महिने गाभण असते. शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवावा; करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. पीपीआरची लसही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.

‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणणाऱ्याने बोकड विकावा का, हा प्रश्न विहारात निघतोच. सम्यक आजीविकेच्या उपदेशात प्राण्यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, हे खरे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, हेही खरे. ज्याने त्याने आपल्या घरात विचार करून ठरवावे. विकणार नसाल तर दूध आणि लेंडीखत एवढेच उत्पन्न धरा, ते बेताचेच असते. नवसाच्या बोकडासाठी मात्र विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवससायास आपण 1956 साली सोडले.

आता हिशेब. मुंबईचा भाऊ शेळी घेऊन देतो, गावची बाई सांभाळते. अर्धलीच्या रिवाजाप्रमाणे निम्मी करडे तिची. प्रत्यक्षात बकरी ईदला मुंबईकर बोकड घेऊन जातो आणि पेंडीचे पैसे तिनेच उसने काढलेले असतात. म्हणून एक वही घाला. शेळीची किंमत, पेंड, लस, विण्याची तारीख, विक्री, सगळे तिच्यात लिहा. पेंडीचा खर्च आधी वळता करा आणि तिचा हिस्सा तिच्याच नावाच्या बँक खात्यात भरा. वही तिच्याजवळ राहू द्या.