सात वर्षांनी फुलणारी कारवी

सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर, झाडांच्या सावलीत तसेच उघड्या कड्यांलगत, माणसाच्या उंचीहून अधिक वाढणाऱ्या सरळ काठ्यांची जी दाट राने आढळतात ती बहुधा कारवीची असतात. अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातील या झुडपाचे ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ या नावाने शास्त्रीय वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेस फॉन एसेनबेक याने १८३२ मध्ये केले.

कारवी आयुष्यात एकदाच फुलते. साधारणपणे सात वर्षे केवळ पाने आणि खोड वाढवल्यानंतर एखाद्या डोंगरावरील बहुतेक झुडपे एकाच पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या-निळ्या फुलांनी भरतात, बी धरतात आणि वाळून जातात. फळे मात्र वाळल्या काठीवरच टिकतात आणि पुढील पावसाचा ओलावा लागताच तडकून बी दूर उडवतात, त्यामुळे रुजण्यास योग्य अशा ओल्या मातीतच ते पडते. सर्वांनी एकदम फुलण्यामागचे कारण सांगताना अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूसंदर्भात मांडलेल्या उपपत्तीचा आधार घेतला जातो: वर्षानुवर्षे बी मिळत नसल्याने ते खाणाऱ्या प्राण्यांची संख्या मर्यादित राहते आणि नंतर अचानक इतके बी पडते की ते सारे फस्त करणे त्यांना शक्य होत नाही. निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांवरील नीलकुरिंजी ही कारवीची सख्खी भावकी असून तिचे चक्र बारा वर्षांचे आहे.

फुलोऱ्याच्या हंगामात मधमाश्यांची चंगळ होते आणि महाबळेश्वर परिसरात कारवीचा मध विशेष मानला जातो. तथापि फुलांच्या एका हंगामासाठी होणारे कौतुक पाहता उरलेल्या वर्षांतील कारवीची थोरवी उपेक्षितच राहते. तिची मुळे उतारावरची पातळ माती धरून ठेवतात. तिच्या काठ्या एकमेकींना बांधून, त्यांवर माती आणि शेण लिंपून कुडाच्या भिंती उभारल्या जातात, आणि वारली चित्रांना मूळ पृष्ठभाग मिळाला तो अशाच भिंतींचा.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ मध्ये कारवीला बहर आला होता, म्हणजे सात हा आकडाही काटेकोर नव्हे. शिवाय प्रत्येक डोंगररांगेचे चक्र स्वतंत्र असल्याने एका ठिकाणी फुललेली कारवी शेजारच्या रांगेत त्या वर्षी हिरवीच राहू शकते.