आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?

संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, ती काढून नवी बसविली, यंत्र पूर्ववत सुरूही झाले. परंतु पुढे एखाद्या अडचणीच्या प्रसंगी ‘रिकव्हरी’ची ठरलेली कळ दाबून पाहावी, तर यंत्र ढिम्म! असा अनुभव पुष्कळांना येतो. एचपीच्या यंत्रांत ही कळ बहुधा एफ ११ असते. एसरच्या यंत्रांत ऑल्ट आणि एफ १० या दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. आसुसच्या यंत्रांत एफ ९ असते. तर लेनोवोच्या कित्येक यंत्रांना त्यासाठी एक स्वतंत्र चिमुकले बटणच दिलेले असते. कळ जागच्या जागी आहे, यंत्रही तेच आहे, मग सोय गेली कोठे? दुरुस्ती करणाऱ्याने काही तरी बिघडविले, किंवा नवी डिस्कच सदोष निघाली, असे दोन तर्क तात्काळ मनात येतात. बहुतेक वेळा हे दोन्ही तर्क चुकीचे असतात. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, एवढाच या कोड्याचा अर्थ असतो. कळ हा केवळ पोहरा होय. आड होता तो जुन्या डिस्कवर, आणि जुनी डिस्क तर यंत्रातून निघून गेली.

हे नीट समजण्यासाठी संगणकातील कोणती गोष्ट कोठे राहते, हे प्रथम पाहिले पाहिजे. यंत्र सुरू होताच जो प्राथमिक कार्यक्रम जागा होतो, ज्यास पूर्वी बायोस म्हणत आणि आता यूईएफआय म्हणतात, तो मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये असतो. डिस्क बदलल्याने त्यास काही होत नाही. परंतु विंडोज, तिची दुरुस्तीची साधने, मालकाची कागदपत्रे आणि छायाचित्रे ही सारी मिळकत डिस्कवर असते. म्हणजे कळ ओळखणारा द्वारपाल शाबूत राहतो. मात्र ज्या खोलीकडे त्याने वाट दाखवावयाची, ती खोलीच नव्या घरात बांधलेली नसते.

शिवाय ‘रिकव्हरी’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात, आणि त्यांची गल्लत झाली की निदान चुकते. पहिली गोष्ट म्हणजे यंत्र तयार करणाऱ्या कंपनीने डिस्कच्या एका राखीव विभागात ठेवलेली मूळ प्रत. पूर्वी यंत्राबरोबर सीडीचा संच मिळे. पुढे खर्च वाचविण्यासाठी कंपन्यांनी तीच सामग्री डिस्कच्या एका कोपऱ्यात भरून देण्यास सुरुवात केली. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोजचे स्वतःचे दुरुस्तीगृह, म्हणजेच ‘विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तिच्यापासून ही व्यवस्था चालत आली आहे. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकली नाही की हे दुरुस्तीगृह आपण होऊन उघडते. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडल्यासही तेथे जाता येते. तिसरी गोष्ट म्हणजे ‘सिस्टम रिस्टोअर’. २००० साली निघालेल्या विंडोज मिलेनियम आवृत्तीत ही सोय प्रथम आली. ठरावीक क्षणी यंत्राची मांडणी कशी होती याची ही नोंद होय. ती त्याच डिस्कवर साठविली जाते, आणि तिच्यात मालकाची कागदपत्रे मुळीच नसतात.

आता डिस्क बदलताना या तिन्हींचे काय होते ते पाहू. डिस्क बदलण्याचे मार्ग दोन. नव्या डिस्कवर विंडोज पहिल्यापासून भरणे हा एक मार्ग. यात विंडोज आपले दुरुस्तीगृह स्वतः बांधून घेते. परंतु कंपनीची मूळ प्रत तेथे येणे शक्य नसते. एफ ११ कळ निरुत्तर राहते ती येथे, आणि तो दोष नव्हे. जुन्या पुनर्स्थापनेच्या नोंदीही जुन्या डिस्कबरोबर गेलेल्या असतात. नव्या मांडणीत तर ही सोय पुष्कळदा बंदच असते, आणि ती मुद्दाम सुरू करावी लागते. दुसरा मार्ग जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरविण्याचा. येथे सर्व काही जसेच्या तसे येईल अशी अपेक्षा असते, पण नेमकी मेख येथेच आहे. नक्कल करणारे काही कार्यक्रम केवळ मुख्य विभाग उचलतात आणि राखीव विभाग मागे ठेवतात. सर्व विभाग आले, तरी दुरुस्तीगृहाचा पत्ता विंडोजने एका लहानशा फाइलमध्ये टिपून ठेवलेला असतो. त्यात डिस्कची ओळख आणि विभागाची सुरुवात जेथून होते ते स्थान, या दोन्हींची नोंद असते. डिस्क बदलली की ओळख बदलते, विभाग पुढेमागे सरकला की स्थान बदलते. घर बांधलेले आहे, पण पत्रावर पत्ता जुनाच आहे, अशी स्थिती होते.

निदानाची पहिली पायरी तांत्रिक नाही. मालकाची कागदपत्रे अन्यत्र उतरवून घेतल्यावाचून कोणत्याही प्रयोगास हात घालू नये, ही ती पायरी. कंपनीची मूळ प्रत परत बसविणे याचा सरळ अर्थ यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसाकडे नेणे असा आहे. मधल्या वर्षांचे हिशेब, प्रबंध आणि लग्नकार्याची छायाचित्रे त्यात पुसली जातात. ‘रिकव्हरी’ या शब्दाने गेलेले परत मिळेल असा भास होतो. प्रत्यक्षात यंत्र परत मिळते, माणसाचे काम परत मिळत नाही.

दुसरी पायरी म्हणजे नवी डिस्क यूईएफआयच्या यादीत दिसते की नाही हे पाहणे. तेथेच दिसत नसेल तर जोडणी तपासावी. विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. डिस्क दिसते पण विंडोज सुरू होत नाही, असे असेल तर दोन जोड्या जुळतात का ते पाहावे. पहिली जोडी यूईएफआय आणि जीपीटी यांची, दुसरी जुन्या बायोस पद्धतीची आणि एमबीआर यांची. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कची विभागणी नोंदविण्याच्या दोन पद्धती होत. एमबीआर पद्धतीत सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडील जागा मोजताच येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी अपरिहार्य ठरते. एका पद्धतीची डिस्क दुसऱ्या पद्धतीच्या मांडणीत बसविली, तर यंत्र ‘सुरू करण्याजोगी डिस्क नाही’ असे सांगते. तसेच दुरुस्तीच्या वेळी यूईएफआयची मांडणी मूळपदावर गेली असेल, तर डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयऐवजी रेड किंवा रेडऐवजी एएचसीआय अशी उलटलेली असण्याचा संभव असतो. तेवढ्यानेही विंडोज सुरू होण्यास नकार देते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक यंत्रांत तर विंडोज भरतेवेळी योग्य ड्रायव्हर पुरविल्यावाचून नवी डिस्क दिसतच नाही. अशा वेळी धडधाकट डिस्क परत करण्याची घाई केली जाते.

विंडोज सुरू होते, केवळ दुरुस्तीगृह उघडत नाही, अशी तक्रार असल्यास तिसरी पायरी. ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासकाच्या अधिकाराने उघडून एक आदेश द्यावा लागतो. आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही ८ इंग्रजी अक्षरे सलग लिहावीत. मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘इन्फो’ हा शब्द. उत्तरात ‘एनेबल्ड’ असे आले तर दुरुस्तीगृह जागेवर आहे. ‘डिसेबल्ड’ आले तर तोच आदेश ‘इन्फो’च्या ठिकाणी ‘एनेबल’ हा शब्द घालून पुन्हा द्यावा. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. विंडोज जुना पत्ता खोडून नवा लिहून घेते. तरीही नकार आला, तर दुरुस्तीगृहाची मूळ फाइलच हरवली आहे असे समजावे. ही फाइल ‘विन-आरई’ या नावाची असते. सोय बंद असताना ती विंडोजच्या ‘सिस्टम ३२’ या कप्प्यातील ‘रिकव्हरी’ या उपकप्प्यात सापडावयास हवी. तेथेही नसेल तर विंडोज भरण्याच्या मूळ सामग्रीतून ती काढून घ्यावी लागते, आणि ते काम जाणत्याकडे सोपविणे बरे.

राखीव विभाग आहे पण अपुरा आहे, असाही प्रकार घडतो. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दुरुस्तीगृहातील सुरक्षेचा एक दोष दूर करण्यासाठी सुधारणा पाठविली. तिला राखीव विभागात २५० मेगाबाइट मोकळी जागा लागत होती. ती नसल्याने असंख्य यंत्रांवर सुधारणा अयशस्वी झाली, आणि कारण न सांगता केवळ एक सांकेतिक क्रमांक पडद्यावर येत राहिला. म्हणून नवी डिस्क बसविताना या विभागास सढळ हाताने जागा सोडणे शहाणपणाचे ठरते. चक्राकार फिरणारी मोठी डिस्क काढून तिच्या जागी वेगवान पण लहान एसएसडी बसविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीची मूळ प्रत पुष्कळदा जुन्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी डिस्क मागते. ५०० गिगाबाइटच्या जागी २४० गिगाबाइट दिसताच ती काम नाकारते, मग प्रत्यक्षात भरावयाची सामग्री कितीही थोडी असो.

आणखी एक कुलूप आहे, ते बिटलॉकरचे. नव्या यंत्रांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक लिपीत बंद ठेवण्याची ही व्यवस्था पुष्कळदा मालकाच्या नकळत सुरू असते. यंत्राच्या मांडणीत मोठा फरक पडला की ती ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती सापडली नाही, तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरील अक्षर वाचता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष सुधारणेमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या वेळी उपाय साधा होता. दुरुस्तीगृहात किंवा ‘सेफ मोड’मध्ये जाऊन एक फाइल पुसावयाची होती. परंतु जेथे कुलूप होते आणि किल्ली हाताशी नव्हती, तेथे तो साधा उपायही खोळंबला. डिस्क बदलण्यापूर्वी ही किल्ली कागदावर उतरवून ठेवणे आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करणे, या दोन गोष्टी म्हणूनच आवश्यक होत.

विंडोजचा परवाना मात्र डिस्कबरोबर जात नाही, हे समाधानाचे. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत परवान्याचा क्रमांक मदरबोर्डवरील चिपमध्येच कोरलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा भरली की यंत्र तो क्रमांक स्वतः वाचून घेते. नवा परवाना विकत घेण्याचे कारण सहसा राहत नाही.

मराठीत लेखन करणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. ग्रंथालयांच्या याद्या, मंडळांची इतिवृत्ते, छापखान्यांतील जुना मजकूर असे पुष्कळ साहित्य युनिकोडपूर्व पद्धतीने, म्हणजे श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांत टंकलेले आहे. नव्या डिस्कवर विंडोज भरल्यानंतर अशी फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते, आणि मजकूर नष्ट झाला असे वाटते. तो नष्ट झालेला नसतो. केवळ अक्षरसंच जुन्या डिस्कबरोबर गेलेला असतो. तो पुन्हा बसविला की अक्षरे परततात. म्हणून घाबरून अशा फाइली पुसून टाकू नयेत; अक्षरसंच मिळताच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, म्हणजे पुढच्या बदलात हाच प्रसंग पुन्हा ओढवणार नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे येथेही खरे. यंत्र सुस्थितीत असतानाच ८ गिगाबाइटचा एक कोरा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने विंडोज भरण्याची सामग्री त्यावर तयार करून ठेवावी. दुरुस्तीगृहाची साधने त्यातही असतात, आणि यंत्रातील डिस्क पूर्णपणे निमाली तरी ती चालतात. विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा नव्या डिस्कवर कोणती आवृत्ती भरावयाची हा निर्णयही याच वेळी घेतलेला बरा. काढलेली जुनी डिस्क अर्धवट चालत असेल तर ती लगेच टाकू नये. काही आठवडे बाजूला ठेवावी, कारण विसरलेली फाइल उशिराच आठवते. आणि ती टाकावयाची वेळ येईल तेव्हा तिच्यावरील मजकूर पूर्णपणे पुसून किंवा ती निकामी करूनच हातावेगळी करावी, कारण मालकाला जे उघडता आले नाही, ते दुसऱ्या कोणास उघडता येणार नाही असे नाही. डिस्क बाजारात विकत मिळते. तिच्यावर लिहिलेले आयुष्य मिळत नाही. त्याची दुसरी प्रत ज्याने वेळीच काढून ठेवली, त्याला कोणतीही कळ निरुत्तर राहिली तरी फारसे भय नाही.