सोनगीरचा ठोका

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. ब्रिटिशकालीन गॅझेटियरनेही सोनगीरच्या या कामाची नोंद घेतली आहे. हंडा, घागर, बंब, परात, सगळं ठोक्यांनी घडत आलेलं. भांडं कसं घडतं ते आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्या प्रत्येक ठोक्यात जो आवाज असतो, तो नीट उलगडून पाहिला तर माणूस थक्क होतो.

हातोडी पत्र्याला भिडते ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात उंच-खोल सगळे स्वर एकदम उसळतात, तो ‘टण्’मधला ‘ट’. हातोडी उचलली गेली की भांडं स्वतः बोलू लागतं. घागरीचा गोल काठ क्षणभर या बाजूने लंबगोल होतो, लगेच त्या बाजूने, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. त्याच वेळी तोच काठ तीन ठिकाणी, चार ठिकाणी फुगत-दबत असतो. या प्रत्येक हालचालीचा स्वर वेगळा. सतारीच्या तारेत असे स्वर एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट नात्यात बसतात, घागरीत ते तसे बसत नाहीत. म्हणून तिचा आवाज तारेसारखा न वाटता धातूचा वाटतो. पाठ फिरवून बसलेल्या माणसालाही कळतं की भांडं धातूचं आहे, मोठं आहे, रिकामं आहे, आणि कुणी हाताने धरलेलं नाही. कान एवढा हिशेब करतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तांब्याची गंमत आणखी पुढे आहे. ठोके खाऊन तांबं ताठ होत जातं. फार ताठ झालं तर तडकेल, म्हणून ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात आणि ते पुन्हा मऊ होतं. मऊ पत्रा बद्द वाजतो, ताठलेला खणखणतो. म्हणजे भांड्याच्या आत काय चाललं आहे, ते भांडंच सांगत असतं. तांब्यात पाचव्या हिश्श्याच्या आसपास कथील मिसळलं की घंटेचं कांसं होतं, आणि त्याचा नाद कितीतरी वेळ विरत नाही.

अशा आवाजांना जगात मोठी मागणी आहे. चित्रपट, मालिका, व्हिडिओ गेम, श्राव्यपुस्तकं, सगळ्यांना आवाज लागतात, आणि ते साठवून ठेवणारे ध्वनिसंग्रह असतात. बीबीसीने 2018 मध्ये आपल्या संग्रहातले सोळा हजारांहून अधिक आवाज वैयक्तिक वापरासाठी आणि शिक्षणासाठी खुले केले. 2005 मध्ये बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातून ‘फ्रीसाउंड’ सुरू झालं. तिथे जगभरची माणसं आपण टिपलेले आवाज ठेवतात. त्याच वर्षी नेदरलँड्समधून ‘झेनो-कँटो’ हा पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह उभा राहिला. आपल्याकडे वडा-पिंपळावर बसून ‘टुक टुक टुक’ करणारा तांबट पक्षी मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हा आवाज काढतो, तोही चोच मिटून, गळ्याची कातडी फुगवत. जगाच्या संग्रहात त्याला जागा मिळाली. ज्यांच्या ठोक्यावरून त्याला नाव मिळालं, त्या तांबटांच्या कामाच्या आवाजालाही तेवढीच जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

संग्रहातल्या आवाजाचं पुढे काय होतं, ते तर जादूच आहे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या बंदुकांचा आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी एका रेडिओ मनोऱ्याच्या ताणतारेवर हातोडी मारून मिळवला. लांब, जाड, ताणलेल्या पोलादी तारेत उंच स्वर वेगाने धावतो, खोल स्वर मागे राहतो. त्यामुळे एकच ठोका कानापर्यंत येताना वरून खाली घसरत येतो आणि ‘प्यूव’ असा ऐकू येतो. (हा प्रयोग कुणी विजेच्या खांबाच्या तारेवर कधीही करू नये.) 1993 च्या ‘जुरासिक पार्क’मधल्या महाकाय डायनासोरच्या डरकाळीत हत्तीच्या पिलाचा आवाज मंद करून घातलेला आहे.

मंद करण्याचीच युक्ती सोनगीरच्या घागरीवर करून पाहा. सेकंदाला 1,92,000 नोंदी घेणाऱ्या यंत्रावर ठोका टिपायचा आणि चौपट सावकाश वाजवायचा. स्वर दोन सप्तकं खाली येतो आणि घागर एखाद्या प्रचंड घंटेसारखी घुमू लागते. त्याहून नवल आणखी एक. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतच ऐकतो. पण माइक तेवढा तरबेज असेल तर ठोक्यातला 40,000 हर्ट्झचा अंश आता 10,000 वर येऊन चक्क ऐकू येतो. तो पूर्वीही हवेत होताच, कानाला पोचत नव्हता.

आपल्या चित्रपटांनीही आवाजासाठी फार कष्ट घेतले आहेत. 14 मार्च 1931 रोजी झळकलेला ‘आलम आरा’ बराचसा रात्री चित्रित झाला, कारण स्टुडिओशेजारून आगगाड्या जात. पुढे संवाद मागाहून डब करण्याची रीत पडली आणि ती कित्येक दशकं टिकली. 2001 च्या ‘लगान’साठी नकुल कामटे यांनी चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपले, आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेसुल पूकुट्टी यांना 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळालं.

आवाजाच्या या क्षेत्रात काम एका प्रकारचं नाही. चित्रीकरणाच्या जागी बूम माइक घेऊन उभा राहणारा वेगळा. पडद्याकडे बघत पावलं, कपड्यांची सळसळ, भांड्यांची आदळआपट स्वतः करून दाखवणारा फोली कलावंत वेगळा. आवाजांवर आवाज रचणारा साउंड डिझायनर आणि शेवटी सगळं जुळवणारा मिक्सिंग इंजिनियर आणखी वेगळे. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेशपरीक्षा देऊन तिथे जाता येतं. पण तिथवर पोचायच्या आधीही सुरुवात होऊ शकते. सोनगीरहून आग्रा रोडने उलट, धुळ्याच्या पुढे गेलं की मालेगाव येतं. तिथे शेख नासिर यांनी तुटपुंज्या साधनांत ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढलाच की!

सोनगीर, शिरपूर, धुळे, जळगावच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. कारागिराची परवानगी घ्या, त्याला काम थांबवायला लावू नका. ठोका आधी हातभर अंतरावरून टिपा, मग गल्लीच्या टोकावरून. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळणारी पिझो चकती भांड्याला चिकटवली तर हवेतला नव्हे, धातूच्या अंगातला आवाज मिळतो. शेवटी एक मिनिट कुणी न बोलता नुसती ती जागा टिपा. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, आणि ध्वनिसंपादकाला ती हमखास लागते. फाइलला नाव देताना धातू, भांडं, हातोडी, अंतर, गाव, तारीख, सगळं लिहा. वर्णन नसलेला आवाज हजारोंच्या संग्रहात हरवतो, आणि हरवलेला आवाज कुणी वापरत नाही. तो आवाज विकला गेला, तर ज्याच्या हाताचा ठोका आहे त्याला त्यातला वाटा द्या.

स्टील आणि यंत्रावर दाबून काढलेली भांडी आल्यापासून हातघडाईचं काम कमी होत चाललं आहे. म्हणून हे आवाज टिपणं पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.