घाट आपल्या दमानं चढायचा

"अगं, एवढी कुणाच्या मागं लागलीयस? घाट कुठं पळून चाललाय?"

साताऱ्यात, यवतेश्वरच्या घाटात, पहाटे साडेपाचला आमच्या गटातल्या बाईंनी मला हटकलं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय साठीच्या पुढं. मी तेव्हा बेचाळीसची. पुढं धावणाऱ्या कॉलेजच्या मुलींची बरोबरी करायची म्हणून पहिल्या वळणापर्यंत जीव खाऊन पळाले होते आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून धापा टाकत उभी होते. बाई बारीक बारीक पावलं टाकत, गप्पा मारत माझ्यापुढं निघून गेल्या.

ते वाक्य मनाला लागलं. कारण आदल्याच दिवाळीत, 2018 साली, मी धंद्यातही हेच करून बसले होते.

माझा चिवडा, चकली, लाडवांचा घरगुती उद्योग. हाताखाली चार बायका. त्या वर्षी ओळखीतल्या एकीला मोठ्या शहरातली ऑर्डर मिळाल्याचं कळलं आणि माझ्याही डोक्यात वारं शिरलं. एका दुकानदाराची एकदम 400 किलोची ऑर्डर घेतली, तीही उधारीवर. किराणा उधार, तेलाचे डबे उधार, मदतीला आणखी सहा बायका. माल गेला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पण पैसे काही येईनात. फोन केला की, "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की." शेवटी निम्मे मिळाले, निम्मे बुडाले. बायकांची मजुरी द्यायला बांगड्या गहाण ठेवल्या. "पुरे झाला उद्योग," घरचे म्हणाले. त्यात रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून पहाटे घराबाहेर पडले आणि बाईंच्या गटात सामील झाले. चालता चालता धावायला लागले.

आमच्या साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन होते. 21 किलोमीटरची वाट. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत फिरून तोच घाट उतरायचा. तिचा सराव करताना मला धंद्यातल्या माझ्या चुका एकेक करून दिसायला लागल्या.

पहिली चूक वेगाची. लांब पल्ल्याच्या धावण्यात सुरुवातीचे किलोमीटर फसवे असतात. अंगात ताकद असते, आजूबाजूचे पळत असतात, आपणही पळतो. शरीरातला साखरेचा साठा मात्र मोजकाच असतो. पूर्ण मॅरेथॉन 42 किलोमीटरची. ती धावणाऱ्यांचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढं संपतो आणि चांगल्या चांगल्यांचे पाय जागीच थांबतात. सुरुवातीला ज्यानं उधळपट्टी केली, त्याचा आधीच संपतो. महिन्याला सत्तर किलो करणारीनं 400 किलोला हात घालणं म्हणजे दुसरं काय होतं?

दुसरी गोष्ट पाण्याची. "घसा कोरडा पडायची वाट बघू नकोस, थोडं थोडं घेत राहा," असं बाई सांगायच्या. धंद्यात पैशाचं तसंच. अडचण आल्यावर पैसा शोधायला गेलं की तो महागच मिळतो. मग मी धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं केलं. 2019 च्या दिवाळीपासून प्रत्येक बिलातला दहावा हिस्सा बाजूला टाकायला लागले. बांगड्या आधी सोडवाव्यात असं फार वाटायचं, पण मन घट्ट केलं. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि भट्टी दोन महिने थंड राहिली. त्या साठ्यातून चौघींना मजुरी देता आली. चौघीही आज माझ्याकडंच आहेत. बांगड्या घरी यायला मात्र अडीच वर्षं लागली.

तिसरी गोष्ट उताराची. घाट उतरताना दम लागत नाही, म्हणून आपण सुसाट सुटतो. पण उतारावर प्रत्येक पावलाला गुडघे आणि मांड्या धक्के झेलत असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, तेव्हा ते कळतं. दिवाळीचा महिना हा आमचा उतार. मागणी आपोआप येते, नोटा हातात खेळतात आणि नेमकी तेव्हाच उधारी वाढते, हिशेब राहून जातो. आता मी हिशेबाची वही सर्वांत कडक ठेवते ती दिवाळीतच.

अडथळ्यांचं म्हणाल तर लिज्जत पापडाची गोष्ट मला फार धीर देते. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली फक्त चार पाकिटं. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळा दरवर्षी येणारच हे धरूनच त्यांनी तयारी केली, म्हणून तो उद्योग इतकी वर्षं टिकला.

मैत्रिणींनो, तुमच्याही उद्योगात पावसाळा येणारच. म्हणून एक माहिती सांगून ठेवते, ती 2018 मध्ये मला नव्हती. लहान उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं. त्यासाठीची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. माल देण्याआधी ती करून घ्या आणि ऑर्डर कागदावर घ्या.

परवाच एका नव्या दुकानदाराचा फोन आला. 300 किलो हवेत म्हणाला. मी म्हटलं, "ऐंशी किलो देते, निम्मे पैसे आधी." तो म्हणाला, "बघतो आणि कळवतो." पूर्वीची मी रात्रभर तळमळले असते, तीनशेला हो म्हणून टाकलं असतं. आता फोन आला तर ऐंशी किलोची तयारी आहे. नाही आला, तरी उद्या पहाटे साडेपाचला बाई कोपऱ्यावर उभ्या असणारच.