तळाचा लठ्ठा

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा त्या लाकडाची पूजा झाली, शोभायात्रा निघाली. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातल्या त्या सागाचं कौतुक सगळीकडे छापून आलं, आणि ते रास्तच होतं. पण तो साग जंगलातून आणून डेपोत उतरवणाऱ्या, थप्पीला लावणाऱ्या माणसांचं काम कसं चालतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

बल्लारपूरचा लाकूड डेपो म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचं बाजारात उघडणारं दार. कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, झाड पडतं, त्याचे तुकडे होतात, हातोड्याची निशाणी बसते आणि ट्रक डेपोत येतो. इथे प्रत्येक नगाची लांबी आणि मधली गोलाई मोजून लॉट लावतात. लिलावाला आलेला व्यापारी लठ्ठ्याचं तोंड बघतो. गाभा कसा आहे, चीर गेली आहे का, पोकळी आहे का, ते तोंडावरच कळतं. म्हणून थप्पीची एक बाजू सरळ ओळीत यावी लागते. थप्पी आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी रचली जाते, आणि धोका तिथूनच सुरू होतो.

थप्पीतल्या एका लठ्ठ्याचं वजन किती, याचा एक हिशेब मांडून बघू. दीड मीटर गोलाईचा, चार मीटर लांबीचा लठ्ठा घ्या. लाकडाच्या व्यवहारात गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. उत्तर येतं 0.56 घनमीटर. चिराईत जाणारी तूट आधीच वजा करणारी ही जुनी पद्धत आहे. पण त्याच लठ्ठ्याचं खरं आकारमान 0.72 घनमीटर भरतं. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरमागे साडेसहाशे किलोच्या आसपास धरलं, तर कागदावरचा लठ्ठा 366 किलोंचा आणि प्रत्यक्षातला 466 किलोंचा. सुमारे शंभर किलोंचा फरक! ओला असेल तर वजन आणखी वाढतं. जिथे मजुरी घनमीटरवर ठरते, तिथे हे शंभर किलो कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. माणसाच्या अंगावर मात्र ते पुरेपूर येतात.

गोल लाकूड रचलं की वरचा लठ्ठा खालच्या दोघांच्या मधल्या खाचेत बसतो आणि त्या दोघांना बाहेर ढकलत राहतो. थर वाढले की हा रेटा तळाच्या कडेच्या लठ्ठ्यावर साचतो. सगळी थप्पी त्याच्या भरवशावर उभी असते, आणि तो अडलेला असतो एका लाकडी पाचरीवर किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटावर. म्हणून पाचर चिरकी नको, खुंट काळ्या मातीत नुसता टेकवलेला नको. बुडखे एकाच बाजूला आले तर थप्पी तिकडे जाड होऊन वरचे नग कलतात, म्हणून बुडखा आणि शेंडा आलटून-पालटून ठेवायचे.

सब्बल, म्हणजे पहार, लावणारा माणूस कुठे उभा राहतो, ते नीट बघावं. जाणता मजूर लठ्ठ्याच्या टोकाशी उभा राहतो. लठ्ठा ज्या दिशेला घरंगळेल, तिथे तो कधीच नसतो. सब्बल पोटासमोर न धरता अंगाच्या बाजूला धरतो, कारण लठ्ठा अचानक फिरला की सब्बल उसळते. ट्रक रिकामा करताना साखळदंड सोडण्याआधी माल कुठल्या बाजूला टेकलाय, ते तो बघून घेतो. साखळी सुटल्यावर बघायला वेळ मिळत नाही.

माझ्या मते सगळ्यांत वाईट घडी लिलावाआधीची. एखाद्याला मधलाच नग बघायचा असतो आणि वरचे उतरवायला कुणाला सवड नसते. वरून खाली, हा एकच क्रम आहे. मधला नग ओढणं म्हणजे भिंतीतली वीट काढणं. अशा वेळी नाही म्हणायचा अधिकार सब्बल हातात असलेल्या माणसाला हवा, आणि नाही म्हटल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाता कामा नये.

गडचिरोलीतल्या कमलापूरला आज पर्यटक ज्या कॅम्पात हत्ती बघायला जातात, तिथले हत्ती एके काळी लाकूड ओढायचे. आता डेपोत हायड्रा क्रेन आली. पाठीवरचा भार हलका झाला, पण नवा धोका आला तो टांगलेल्या लठ्ठ्याखालचा. लठ्ठा झुलू नये म्हणून त्याला हाताने धरायला जातात, आणि हात साखळी व लाकडाच्या मध्ये सापडतो. टोकाला दोर बांधून लांबूनच वळवायचा, एवढं केलं तर बोटं वाचतात.

पावसात सालीखालचा भाग बुळबुळीत होतो, जमीन धसते आणि काल सरळ दिसलेली थप्पी आज झुकलेली असते. म्हणून पाऊस उघडल्यावर आधी फेरी, मग काम. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारचं काम थांबवलेलंच बरं. घामाने सब्बल निसटते आणि डोकं चालत नाही. दोन थप्प्यांमधली वाट तेव्हा दोन प्रकारे उपयोगी पडते. घरंगळत्या लठ्ठ्यापासून बाजूला व्हायला ती लागते आणि आग अडवायलाही.

लिलाव झाला, ट्रक भरून गेले, की मोकळ्या जागेवर पाचरी विखुरलेल्या उरतात. जुना मजूर त्या एकेक उचलतो, चिरलेल्या बाजूला टाकतो आणि चांगल्या पाचरींचा ढीग नव्या जागेच्या कडेला मांडून ठेवतो. पुढच्या ट्रकचा फाळका त्यानंतर उघडतो.