चामखीळ आणि देहाची वार्ता

'चामखीळ' या नित्याच्या मराठी शब्दाची वंशावळ शोधू गेल्यास ती काशीस पोहोचते. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांस शल्यतंत्राचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. त्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, दुसऱ्या अध्यायात, मूळव्याधीच्या विवेचनाअखेर 'चर्मकील' येतो. व्यान वायू कुपित होऊन कफास बरोबर घेतो आणि त्वचेवर खिळ्यासारखे स्थिर अंकुर उत्पन्न करतो, अशी ग्रंथकाराची उपपत्ती. ती आज पटो वा न पटो. कातडीवरील क्षुद्र अंकुराचे कारण देहाच्या अंतर्व्यापारात शोधावे, ही दृष्टी मात्र लक्षणीय होय.

मराठी माणूस हे एकच नाव दोन भिन्न गोष्टींस देतो. एक खरखरीत व कठीण. ती विषाणूने होते व संसर्गाने पसरते. दुसरी मऊ, बारीक देठावर लोंबणारी. प्रस्तुत विषय हिचा. मान, काख, जांघ, पापणी अशा, कातडीला कातडी घासणाऱ्या जागी ती उगवते. तिच्यात कोलॅजनचे तंतू, थोडी चरबी व सूक्ष्म रक्तवाहिन्या, एवढेच असते. चाळिशीनंतर ती पुष्कळांस होते, गर्भारपणातही दिसते. स्वतः ती निरुपद्रवी.

परंतु मानेवर अशा चामखिळी पुष्कळ असतील, त्यांच्याभोवती कातडी काळसर, जाडसर व मखमलीसारखी झाली असेल आणि पोटाचा घेर वाढला असेल, तर त्या काही सांगत आहेत असे समजावे. देहातील पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवू लागते. रक्तातील हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींस वाढीची प्रेरणा देते. रक्तशर्करा वाढण्याच्या कितीतरी आधी हा प्रकार सुरू होऊ शकतो. एखादी सुटी चामखीळ म्हणजे मधुमेह नव्हे, हेही तितकेच खरे. निर्णय रक्ततपासणीनेच होतो. उपाशीपोटी शर्करा १२६ मिलिग्रॅम वा अधिक दोनदा आढळली की मधुमेह; १०० ते १२५ ही त्याची वेस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले. दुसऱ्या प्रकारचा रोगी स्थूल, बहुभोजी, स्निग्ध आणि बसण्या-लोळण्यात रमणारा! कचेरीतील खुर्ची तेव्हा नव्हती इतकेच.

चर्मकील शस्त्राने काढून ती जागा क्षाराने वा अग्नीने डागावी, असे सुश्रुत सांगतो. आजचा त्वचावैद्यही कात्रीने छेदतो, विजेने जाळतो वा अतिशीत द्रवाने गोठवतो. खेड्यापाड्यांतून घोड्याचा केस बांधतात, चुना लावतात. यात जखम चिघळण्याचा धोका असतो, आणि मधुमेह्याची जखम लवकर भरत नाही. शास्त्रोक्त क्षारसूत्राची गोष्ट निराळी. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्याचे पुनरुज्जीवन केले, ते मुख्यतः भगंदरासाठी.

चामखिळीचा रंग बदलला, ती झपाट्याने वाढली वा आपोआप रक्त येऊ लागले, तर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी.